मॉस्कोची कानस

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी एम.एस.चा एक तुकडा घासलेला आहे. मेकॅनिकलवाल्यांनी घासला, सिव्हिलवाल्यांनी घासला, ज्यांना पुढे फक्त कीबोर्ड बडवायचा होता त्या कॉम्प्युटरवाल्यांनीसुद्धा तोंड वाकडं करून घासला. आधी चारी बाजू काटकोनात आणायच्या, मग त्यात व्ही कापायचा, मग मेल-फीमेल बसवून जॉब उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत घासा! आणि एवढं करून त्या तुकड्याचं पुढे काय होतं? काही नाही. तो कुठल्या मशीनला लागत नाही, दाराला लागत नाही, पेपरवेट म्हणूनही बरा दिसत नाही. त्यावर रोल नंबर पंच होतो, टर्मवर्कचे मार्क मिळतात आणि तो भंगारात जातो.

मग घासायचा कशाला? हा प्रश्न प्रत्येकाला पडतो आणि सबमिशन संपलं की विसरला जातो. माझ्या डोक्यातून तो टी.ई.पर्यंत गेला नाही. त्याला एक घरगुती कारण आहे, ते पुढे येईलच.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. मराठी ही आमची ‘थर्ड लँग्वेज’, आणि कॉरिडॉरमध्ये मराठी बोललं की दंड. त्यामुळे या लेखात कुठे ऱ्हस्व-दीर्घ घसरलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं. वर्कशॉपच्या पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टर सरांनी अतिशय गंभीर चेहऱ्याने ‘फ्लॅट बास्टर्ड घ्या’ असं सांगितलं, तेव्हा मला वाटलं, आमच्या सिस्टर इथे असत्या तर सरांनाच वर्गाबाहेर उभं केलं असतं! नंतर कळलं की तो कानशीचा प्रकार आहे, दात किती भरड त्यावरून पडलेलं नाव. मुलांनी ते नाव पुढे कोणाकोणाला बहाल केलं ते इथे लिहीत नाही. स्टाफही हे मॅगझिन वाचतो.

असो. तर घासायचा कशाला, हे शोधता शोधता मी पोचले एमआयटीला. कोथरूडच्या नव्हे, बोस्टनच्या! आपल्याकडे एमआयटी म्हटलं की हा खुलासा करावाच लागतो.

आज या एमआयटीचं नाव घेतलं की आपण हात जोडतो, पण सुरुवात अगदी आपल्यासारखीच आहे. विल्यम बार्टन रॉजर्स नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं खटपट करून १० एप्रिल १८६१ ला संस्थेची सनद मिळवली, आणि दोनच दिवसांनी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. म्हणजे कॉलेज कागदावर जन्मलं आणि लगेच ‘पोस्टपोन्ड’. वर्ग सुरू झाले ते थेट १८६५ च्या फेब्रुवारीत, भाड्याच्या जागेत, पंधरा विद्यार्थ्यांवर. आपली एक प्रॅक्टिकल बॅच यापेक्षा मोठी असते! मेकॅनिकलचा अभ्यासक्रम पहिल्यापासून होता. पुढे तिथे कोर्सेसना नंबर पडले, त्यात मेकॅनिकल दुसरं. आजही तिथली मुलं ‘मी मेकॅनिकलची’ असं न म्हणता ‘मी कोर्स टू’ म्हणतात.

या मेकॅनिकलमध्ये गणित होतं, मेकॅनिक्स होतं, ड्रॉइंग तर भरपूर होतं. (जीटी मारणारे तेव्हाही असतील, पण इतिहासात जीटीवाल्यांची नोंद राहत नाही.) नव्हतं ते वर्कशॉप. कानस, लेथ, ऐरण यांच्याशी मुलांचा संबंध आला तर तो डिग्रीनंतर, कारखान्यात गेल्यावर. आणि कारखान्यात जुने मेस्त्री त्यांना हसायचे.

रॉजर्सनंतर जॉन रंकल प्रेसिडेंट झाला. हा गणितज्ञ. १८७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली म्हणून फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं होतं. सगळं जग तिथली अवाढव्य वाफेची इंजिनं बघत होतं आणि हा गृहस्थ मात्र रशियाच्या दालनात एका टेबलापाशी थांबला. टेबलावर काय? घासलेले, कापलेले, जोडलेले लोखंडाचे आणि लाकडाचे तुकडे! कशालाच न लागणारे. आपले ‘जॉब’!

ते तुकडे होते मॉस्कोच्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलचे. तिथला संचालक व्हिक्टर देल्ला-व्होस याने १८६८ च्या सुमारास एक वेगळीच पद्धत बसवली होती. त्याआधी हाताचं काम शिकायचं म्हणजे उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं राहायचं, झाडू मारायचा, हत्यारं उचलून द्यायची आणि बघता बघता जे पदरात पडेल ते आपलं. देल्ला-व्होसने त्या कामाची फोड केली. सुतारकाम, लोहारकाम, फिटिंग, प्रत्येकाच्या मुळाशी थोड्याच क्रिया असतात: कापणं, घासणं, भोक पाडणं, वळवणं, जोडणं. त्या सोप्याकडून अवघडाकडे लावल्या आणि प्रत्येक क्रियेसाठी एक तुकडा ठरवला. प्रत्येक मुलाला स्वतःचं बाक, स्वतःचा व्हाइस, स्वतःची हत्यारं. सगळ्यांनी एकाच वेळी तोच जॉब करायचा आणि एका शिक्षकाने सगळ्यांना शिकवायचं. शिकण्याचं वर्कशॉप वेगळं, खरा माल बनवण्याचं वेगळं. पहिल्यातून पास झाल्याशिवाय दुसऱ्यात प्रवेश नाही. गाणं शिकणाऱ्याला आधी अलंकार घोटायला लावतात, तसंच हे. सा रे ग, रे ग म. मैफलीत अलंकार कोणी गात नाही, पण ते घोटल्याशिवाय मैफलीपर्यंत पोचतही नाही.

रंकलला तिथल्या तिथे वाटलं की आपलं कोडं सुटलं. परत येऊन त्याने त्याच वर्षी एमआयटीच्या कारभाऱ्यांकडून ‘स्कूल ऑफ मेकॅनिक आर्ट्स’ मंजूर करून घेतलं. लक्षात घ्या, संस्थेच्या खिशात तेव्हा फारसे पैसे नव्हते. तिथून ही ‘रशियन पद्धत’ अमेरिकेतल्या कॉलेजांत आणि शाळांत पसरली. आपल्या वर्कशॉपमधल्या बाकांच्या रांगा, प्रत्येकापुढे व्हाइस, सगळ्यांना एकच ड्रॉइंग... तोंडवळा अगदी तोच आहे. म्हणजे आपण घासत होतो ती कानस एका परीने मॉस्कोची!

एवढं वाचून मी खूश झाले. पण गोष्ट इथे संपत नाही. खरं तर इथून भांडण सुरू होतं.

त्या काळच्या अमेरिकेत इंजिनिअर कुठे तयार होतो यावर दोन तट होते. एक म्हणायचा, शॉपफ्लोअरवर. हात काळे केल्याशिवाय मशीन कळत नाही, कॉलेजची पोरं नुसती इक्वेशन्स मांडतात. दुसरा म्हणायचा, कॉलेजमध्ये. बॉयलर का फुटतो हे तो फुटल्यावर शिकायचं का? पहिल्या तटाचं नमुनेदार उदाहरण म्हणजे आपल्या इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पुस्तकातला फ्रेडरिक टेलर. हार्वर्डची प्रवेशपरीक्षा पास झालेला श्रीमंत घरचा मुलगा, तो १८७४ मध्ये पंपाच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. पॅटर्न बनवायला शिकला, मशिनिस्ट झाला. डिग्री त्याने नंतर, १८८३ मध्ये, नोकरी करता करता घेतली. आपल्याकडे कोणी असं केलं तर घरचे कुठल्या देवाला नवस बोलतील कल्पना करा!

दुसऱ्या तटाकडेही नुसता खडूच होता असं नाही. एमआयटीत गेटानो लॅन्झा नावाचे प्राध्यापक मेकॅनिकल विभागाचे बरीच वर्षं प्रमुख होते. त्या वेळच्या पुस्तकांत लाकडाच्या ताकदीचे जे आकडे छापलेले असत, ते छोट्या, निवडक, गाठी नसलेल्या तुकड्यांवरून काढलेले. लॅन्झांनी छपराला वापरतात तसे पूर्ण मापाचे वासे आणून प्रयोगशाळेत मोडले, तर खरे वासे पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा बरेच कमजोर निघाले. मला हा माणूस फार आवडला. पुस्तक चुकीचं आहे हे त्यांनी पुस्तकाच्या घरात बसून, वासा मोडून दाखवलं.

आता घरगुती कारण.

माझे बाबा टर्नर आहेत. आय.टी.आय. करून भोसरीला एका कारखान्यात लागले, आता सव्वीस वर्षं झाली. लेथवर काम करणाऱ्याच्या बोटांच्या रेषांत काळं बसतं, ते साबणाने जात नाही, पावडरने जात नाही. शाळेच्या फॉर्मवर ‘फादर्स ऑक्युपेशन’पुढे आई ‘सर्व्हिस’ असं लिहायची. ओपन डेला बाबा हात पॅन्टच्या खिशात ठेवून सिस्टरांशी बोलायचे, म्हणजे ऐकायचे. ओव्हरटाइम करून त्यांनी माझी कॉन्व्हेंटची फी भरली ती एकाच हेतूने. घरात या कामाला लागणारा मी शेवटचा माणूस.

आणि मी मेकॅनिकल घेतलं! वर्गात आम्ही सहा मुली. ‘ब्रँच मिळत होती ना कॉम्प्युटरची?’ एवढंच ते म्हणाले. फर्स्ट इयरचा तो घासलेला तुकडा मी घरी दाखवायला नेला, तेव्हा त्यांनी चष्मा न लावता त्यावरून फक्त अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, ‘इकडून अर्धा सूत खाल्लाय.’ गेज नाही, गुण्या नाही. मी नंतर कॉलेजात मोजून पाहिलं. खाल्ला होता. फ्लुइड मेकॅनिक्सला मला डिस्टिंक्शन आहे, पण हे मला येत नाही आणि कुठल्या सिलॅबसमध्येही नाही. देल्ला-व्होसने क्रियांची फोड केली खरी, नखाची फोड कशी करायची?

ही शॉप विरुद्ध स्कूल अशी मारामारी आपल्या मातीतही जुनी आहे. पुण्यात १८५४ मध्ये जी संस्था सुरू झाली, तिचं नाव ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’. तीच पुढे सीओईपी झाली आणि २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. बोस्टनच्या वर्गांच्या अकरा वर्षं आधी नावात मेकॅनिकल! पण मुंबई विद्यापीठाला जोडली गेल्यावर ती ‘पूना सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेज’ झाली आणि नावातलं मेकॅनिकल गळून पडलं. का, हे कळायला फार डोकं नको. सरकारला रस्ते, पूल, कालवे हवे होते आणि त्यावर देखरेख करायला स्वस्तातली माणसं हवी होती. यंत्रं काय, बोटीने विलायतेहून येणारच होती. मेकॅनिकलच्या डिग्रीसाठी विसावं शतक उजाडावं लागलं.

ही गोष्ट पुण्यातल्या काही लोकांच्या तेव्हाच लक्षात आली होती. केशव मल्हार भट नावाचा पुण्याचा तरुण १८८२ मध्ये एमआयटीला गेला. त्याच वर्षी मे महिन्यात म्हातारे रॉजर्स पदवीदान समारंभात भाषण करता करता व्यासपीठावरच कोसळून गेले. त्यांचे शेवटचे शब्द होते ‘बिट्युमिनस कोल’. (मरतानाही सिलॅबस!) १८८४ मध्ये ‘मराठा’ पत्राने एमआयटीचा नमुना वाचकांपुढे ठेवला. टिळक-आगरकरांच्या मंडळींचं पत्र एमआयटीवर लिहीत होतं, हे मला इतिहासाच्या पुस्तकात कोणी सांगितलं नव्हतं. आणि १८८७ मध्ये मुंबईला, गिरण्यांच्या गावात, व्हीजेटीआय निघालं.

त्या व्हीजेटीआयमध्ये मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवायला एक तरुण होता, लक्ष्मणराव किर्लोस्कर. चित्रकार व्हायला जे. जे. स्कूलमध्ये आलेला, पण रंग ओळखण्यात अडचण निघाली म्हणून यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळलेला. इंजिनिअरिंगची पदवी नाही. यंत्रं उघडून, जोडून, पुस्तकं वाचून शिकला. हिंदी माणूस म्हणून बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला गेला. तिथे सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनतं असं शेतकऱ्यांना वाटायचं, म्हणून पहिले नांगर खपता खपेनात. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आणि या लक्ष्मणरावांनी मुलाला कुठे शिकायला पाठवलं? एमआयटीला! शंतनुराव १९२६ मध्ये मेकॅनिकलचे पदवीधर झाले आणि परत वाडीला आले. मला राहून राहून वाटतं, या बाप-लेकांत जेवताना काय बोलणं होत असेल? एकाने सगळं आयुष्य हाताने चाचपत शिकलेलं, दुसरा बोस्टनहून थर्मोडायनॅमिक्स घेऊन आलेला. कोण कोणाचं ऐकत असेल? एवढं खरं की कारखाना दोघांनी मिळून वाढवला, आणि १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिन्सची कंपनी निघाली. म्हणजे कोणीतरी कोणाचं तरी ऐकलं असणार.

अजून एक नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही. काकासाहेब कालेलकरांचा मुलगा बाळ कालेलकर. गांधीजींच्या आश्रमात वाढलेला, १९३० मध्ये दांडीयात्रेत त्यांच्याबरोबर चालत गेलेला. चरख्याच्या घरातला हा मुलगा दहाएक वर्षांनी एमआयटीत गेला आणि मेकॅनिकल शिकला. ज्यांना वाटतं की गांधीवाले सगळे यंत्राचे शत्रू, त्यांनी यावर थोडा विचार करावा.

इकडे एमआयटीत काटा हळूहळू दुसऱ्या बाजूला झुकत होता. १९१६ मध्ये संस्था नदी ओलांडून केंब्रिजला गेली, १९३० मध्ये कार्ल कॉम्प्टन हा पदार्थविज्ञानाचा माणूस प्रेसिडेंट झाला. महायुद्धात रडार आणि अणुबॉम्ब झाले आणि सगळ्यांच्या मनात बसलं की खरी करामत सायन्सची. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या इंजिनिअरिंग शिक्षणाबद्दल ग्रिंटर समितीचा अहवाल आला. त्याचा सूर असा की बेसिक सायन्सेस आणि इंजिनिअरिंग सायन्सेस वाढवा. वेळ कुठून आणायचा? वर्कशॉप आणि ड्रॉइंगमधून! आपलं ‘सायन्सी’ मेकॅनिकल, म्हणजे थर्मो, फ्लुइड्स, हीट ट्रान्स्फर, व्हायब्रेशन्स, हे बरंचसं या काळात घडलं. परीक्षेत आपण ज्या स्टीम टेबल्समध्ये तोंड खुपसून बसतो, त्या जातीची गाजलेली टेबल्स १९३६ मध्ये एमआयटीच्या कीनन आणि कीज यांनी काढली. तिथलेच आशर शापिरो यांनी १९६२ मध्ये सहा फुटी टाकीत पाणी भरून चोवीस तास जराही न हलवता ठेवलं आणि मग अलगद बूच काढलं, कशासाठी? तर पृथ्वीच्या फिरण्याने भोवरा कुठल्या बाजूला वळतो ते बघायला. घड्याळाच्या उलट वळला. हॉस्टेलच्या बादलीत करून बघू नका, चोवीस तास पाणी न हलवता ठेवायला आधी नळाला पाणी यावं लागतं.

सत्तरच्या दशकात मग तिथेच वुडी फ्लॉवर्स नावाच्या प्राध्यापकांना वाटू लागलं की पोरांना गणित येतं पण काही बनवता येत नाही. त्यांच्या डिझाइनच्या कोर्समध्ये प्रत्येकाला सारख्याच सटरफटर वस्तूंची पिशवी मिळायची. त्यातून यंत्र बनवायचं आणि सगळ्यांसमोर दुसऱ्याच्या यंत्राशी लढवायचं. हॉल खचाखच भरायचा. आपली रोबोकॉनवाली मंडळी रात्री दोनला ज्या नशेत वर्कशॉपबाहेर ड्रिल चालवतात, ती नशा हीच. म्हणजे शंभर वर्षांत काटा हाताकडून डोक्याकडे गेला आणि पुन्हा हाताकडे वळला. गंमत म्हणजे आपली पवईची आयआयटी १९५८ मध्ये निघाली ती युनेस्कोमार्फत रशियाच्या मदतीने. मॉस्को काही पाठ सोडत नाही!

हे सगळं मी सुट्टीत बाबांना सांगितलं. टेलरचं ऐकून ते हसले. ‘टाइम स्टडी काढणारा हाच का? घड्याळ घेऊन मागे उभा राहतो तो?’ हाच. पंधरा वर्षं त्या घड्याळाखाली काम केल्यामुळे टेलर मुळात मशिनिस्ट होता यावर त्यांचा विश्वास बसेना. देल्ला-व्होसबद्दल मात्र त्यांनी दोन-तीनदा विचारलं. प्रत्येकाला वेगळा व्हाइस होता का, हत्यारं रोज मोजून परत घ्यायचे का, कानस बोथट झाली तर नवी कोण द्यायचं.

मी ही गाडी त्यांच्यापुढे का रेटत होते ते आता सांगते. उन्हाळ्यात इनप्लँट ट्रेनिंग आहे. मला दोन ठिकाणी बोलावलं आहे. एक हिंजवडीला, कॅड करणाऱ्या एका मोठ्या ऑफिसात. एसी, बस, कँटीन. दुसरं भोसरीला एका छोट्या टूलरूममध्ये. नऊ माणसं, पत्र्याची शेड, स्टायपेंड नावाला. तिथे डाय बनतात. मला तिथे जायचं आहे, कारण स्क्रीनवर मी जी रेडियस मारते ती हाताने करणाऱ्या माणसाला ती शक्य आहे का, हे मला ऑफिसात कोणी सांगणार नाही.

बाबा नाही म्हणाले. ‘एवढं कॉन्व्हेंटात घातलं ते परत कानस धरायला?’ आई मधे पडली, तर तिलाही बोलणं बसलं. मी लक्ष्मणराव-शंतनुरावांचं उदाहरण दिलं. ते म्हणाले, ‘त्यांचा कारखाना स्वतःचा होता. आपला नाही.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. इतिहासाच्या पुस्तकात शॉप आणि स्कूल असे दोन तट असतात. आमच्या घरात त्यांच्यामध्ये सव्वीस वर्षांचा ओव्हरटाइम आहे. ज्याला हातच वापरावे लागतात आणि ज्याला ते वापरायची हौस आहे, त्या दोघांसाठी कानस एक नसते, एवढं मला त्या रात्री कळलं. पण म्हणून मी हिंजवडीचा फॉर्म भरला नाही. तीन दिवस घरात कोणी फारसं बोललं नाही.

रविवारी बाबा सकाळी कुठेतरी गेले. बारा वाजता आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. अर्धी पोळी झाल्यावर म्हणाले की टूलरूमच्या मालकांना भेटून आलो, माणूस बरा आहे, मिलिंग जुनं आहे पण चांगलं ठेवलंय.

‘बायकांसाठी वेगळं टॉयलेट नाही. मागे एक आहे, त्याला कडी नाही,’ ते म्हणाले. ‘शनिवारी जाऊन कडी बसवतो. तू ये बरोबर, भोकं तू पाड.’